पन्नासपर्यंत म्हणतो, पण पाच चमचे आणत नाही

प्रश्न: ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, केजीत जातो. पन्नासपर्यंत उजळणी न अडखळता म्हणतो. पाहुणे आले की आम्ही म्हणायला लावतो, सगळे कौतुक करतात. पण परवा पानं घेताना 'पाच चमचे आण' म्हटलं, तर मूठभर चमचे घेऊन आला. पुन्हा पाठवलं, पुन्हा मूठभरच. मला धक्काच बसला. सासूबाई म्हणतात, रोज पाटी घेऊन बसव. शाळेतून वहीत १ ते १०० लिहून आणायला सांगतात आणि तो वही पाहिली की रडतो. शिवाय आजीबरोबर कोंकणी, माझ्याबरोबर मराठी, शाळेत इंग्रजी, यानेही गोंधळ होत असेल का? मी सकाळी पणजीला कामाला जाते ती संध्याकाळी सातला घरी येते. 'खेळातून शिकवा' असं सगळे सांगतात, पण नेमकं काय खेळू?
– एक आई, डिचोली (गोवा)

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

आधी जिवाला घोर लावून घेऊ नका. मूठभर चमचे आणले म्हणून तुमचा मुलगा मागे पडला असं होत नाही. उजळणी म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चार वर्षांची पोरं अख्खी आरती म्हणतात, पण म्हणून त्यांना आरतीचा अर्थ कळलेला असतो असं नाही. पन्नासपर्यंतच्या उजळणीचंही तसंच आहे. तरी तिला कमी लेखू नका. आकड्यांचा क्रम तोंडात बसणं ही मोजणीची पहिली पायरी आहे आणि ती तो चढलेला आहे.

पुढच्या पायऱ्या कोणत्या, हे रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नीट मांडलं. क्रमानंतर येतं ते एका वस्तूला एकच आकडा देणं: एकही वस्तू सुटता कामा नये, एकही दोनदा मोजली जाता कामा नये. त्यानंतरची पायरी मोठ्या माणसांच्या लक्षातही येत नाही इतकी आपल्या अंगवळणी पडलेली असते. ती म्हणजे, शेवटी म्हटलेला आकडा त्या शेवटच्या वस्तूपुरता नसतो, सगळ्या मिळून किती हे तो सांगतो. वस्तू कुठल्याही असोत आणि मोजायला कुठूनही सुरुवात करा, उत्तर तेच येतं, हेही मुलाला कळावं लागतं. तुमचा मुलगा कुठे अडलाय ते पाहायचं असेल तर त्याच्यासमोर चार बटाटे ठेवा आणि मोजायला सांगा. मोजून झालं की विचारा, "मग किती आहेत रे?" तो चटकन "चार" म्हणाला तर उत्तमच. पुन्हा "एक, दोन, तीन..." सुरू केलं, तर समजा की 'किती' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात आलंय हे अजून त्याला उमगलेलं नाही.

मूठभर चमच्यांचं म्हणाल तर त्याचा उलगडाही झालेला आहे. कॅरन विन या संशोधिकेचे १९९० आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले अभ्यास आहेत. त्यात मुलांना काम अगदी साधं होतं: ढिगातून मला इतक्या वस्तू काढून दे. काही मुलं एक मागितलं की बरोबर एकच देत आणि त्यापुढचं काहीही मागितलं की हाताला येईल तेवढं उचलून देत. काही महिन्यांनी त्यांचं 'दोन' पक्कं होई, मग 'तीन'. तोवर यातल्या बऱ्याच मुलांची उजळणी चांगली लांबवर जात असे. 'एक' म्हणजे नेमकं एकच, हे कळल्यापासून मोजून देण्याची मेख ध्यानात येईपर्यंत साधारण वर्षभर जातं. मधल्या या काळात मूल आळशी नसतं की हट्टीही नसतं. 'पाच' हा शब्द त्याच्यासाठी अजून नुसता 'बरेच' असतो, इतकंच.

म्हणून पहिल्या आठवड्यात शिकवू नका, फक्त त्याचा आकडा शोधा. दुकान-दुकान खेळा. दुकानदार तो, गिऱ्हाईक तुम्ही. वाटीत दहा-पंधरा चिंचोके ठेवा आणि आज दोन मागा, उद्या तीन, परवा एक, मग चार. तो जे देईल ते घ्या, वर "धन्यवाद, शेठ" म्हणा. कुठल्या आकड्यापर्यंत बरोबर देतो आणि कुठून पुढे मूठ उचलतो, हे चार-पाच दिवसांत तुम्हाला दिसेल. समजा तीनपर्यंत बरोबर देतो. मग तुमचं काम फक्त 'चार'चं. पाचाचं नाही आणि पन्नासाचं तर नाहीच. महिनाभर घरात चारच वाजू देत: गाडीची चाकं चार, टेबलाचे पाय चार, मांजराचे पाय चार, आजच्या चहाला माणसं चार.

आता बोलायचं कसं ते. आपण मुलाला "मोज बघू" म्हणतो आणि थांबतो. त्याऐवजी आधी एकूण सांगा, मग मोजा, मग पुन्हा एकूण सांगा. रविवारी बाजारातून बांगडे आणले की ते धुताना त्याला शेजारी उभा करा: "हे बघ, चार बांगडे. एक, दोन, तीन, चार. चार बांगडे." एवढंच. शेवटचा आकडा आणि 'किती' यांचा जोड त्याच्या कानावर असा पुन्हा पुन्हा पडला पाहिजे. शिकागो विद्यापीठात सुझन लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये आला. चव्वेचाळीस मुलांच्या घरी जाऊन, मुलं १४ ते ३० महिन्यांची असताना, आईवडिलांशी त्यांचं रोजचं बोलणं पाच वेळा दीड-दीड तास टिपलं होतं. तेवढ्या वेळात कुणाच्या तोंडून संख्येचे शब्द अवघे ४ आले, तर कुणाच्या तोंडून २५७. जिथे असे शब्द जास्त बोलले गेले, तिथली मुलं पुढे पावणेचार वर्षांच्या सुमारास 'चार म्हणजे किती' हे जास्त चांगलं ओळखत होती. घरची आर्थिक स्थिती आणि आईवडिलांचं एकूण बोलणं हिशेबात घेतलं तरीही हा फरक उरला. तुमच्यासारख्या दिवसभर बाहेर असलेल्या आईला यात मोठा दिलासा आहे, कारण याला वेगळा तास काढावा लागत नाही. जे काम करताय त्यातच बोलायचं आहे. आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल बोला. हवेतल्या आकड्यांचा या वयात उपयोग कमी.

खेळायचं काय, हे तुम्ही विचारलंत. डिचोलीसारख्या ठिकाणी मला सगळ्यात आवडतो तो सकाळच्या पावाचा खेळ. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की पिशवी मुलाच्या हातात द्या. घरात माणसं चार, म्हणजे उंडे (गोल पाव) चार. मागायचेही त्यानेच. पोदेराला एकदा सांगून ठेवा की लहान गिऱ्हाईक आहे, एकेक करून टाका. नाहीतर घाईत दोन-दोन एकदम पिशवीत पडतात आणि मुलाची मोजणी तिथेच तुटते. पिशवी घेऊन आत आला की ताटल्या मांडलेल्या असू द्या. आजीला एक, बाबांना एक, आईला एक, मला एक. एखादी ताटली रिकामी राहिली तर पाव कमी आणला, हातात एक उरला तर जास्त आणला. "चुकलास" असं कुणी म्हणायची गरजच पडत नाही, ते रिकामी ताटली सांगते. मग एखाद्या दिवशी म्हणा, "आज बाबा ड्यूटीवर गेलेत, मग किती उंडे आणायचे?" उत्तर सांगू नका. तो ताटल्या मांडून बघेल, बोटं उघडून बघेल. बोटं वापरली तर वापरू द्या. बोटांवर मोजणं वाईट, अशी एक जुनी समजूत आपल्याकडे आहे, पण या वयात बोटांइतकं सोयीचं साधन नाही.

याच धर्तीवर सासूबाईंनाही काम द्या, आणि मानाचं द्या. पाटीचा आग्रह त्या काळजीपोटीच धरताहेत. 'चार' पक्कं झालं की पुढे 'पाच'. घरात पंचारती असेल तर पाच वाती लागतात. आजीने वाती वळायच्या आणि नातवाने एकेका खणात एकेक ठेवायची. पाचही खण भरले की "किती वाती?" "पाच." पाच म्हणजे किती, हे त्याला रोज संध्याकाळी तुम्ही घरी यायच्या आत कळेल. आबोलीची फुलं वळेसरात ओवताना, वाल सोलताना, गणपतीला दूर्वा निवडताना आजीच्या हाताखाली मोजण्यासारखं पुष्कळ असतं. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या चौकटीचं, सामान घरात येतं तेव्हा तर चंगळच: नारळ एका टोपलीत, आंबाडे दुसऱ्या टोपलीत, सुपारी तिसऱ्या. वेगवेगळे ढीग लावणं हीसुद्धा मोजणीचीच पूर्वतयारी आहे. आणि पाटीही फेकू नका. आजीने पाटीवर तीन ठिपके काढायचे, नातवाने तितके चिंचोके त्यांच्यावर ठेवायचे.

एकच वस्तू दोनदा मोजत असेल तर "नीट मोज" असं सांगून काही होत नाही. त्याला मोजलेलं बाजूला सरकवायला शिकवा. आप्पेपात्र यासाठी फार कामाचं आहे: एका खळग्यात एक चिंचोका, आणि टाकला की आकडा म्हणायचा. हात एकदा आणि तोंड एकदा, अशी जोडी जमली की पुढे खळग्यांची गरज राहत नाही. घरात तीन वर्षांच्या आतलं दुसरं मूल येत-जात असेल तर चिंचोके, बिया, मणी खेळ संपल्या संपल्या मोजूनच डब्यात घाला आणि डबा उंच ठेवा. असल्या वस्तू घशात अडकतात. काजूच्या मोसमात कच्च्या बिया खेळायला देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

संध्याकाळी तुमच्यासाठी म्हणून एक खेळ सांगते. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करा आणि कोऱ्या बाजूवर एका सरळ ओळीत दहा घरं आखा, डावीकडून उजवीकडे, त्यात १ ते १० आकडे. फासा घ्यायला दुकानात जाऊ नका. चिंचोका फोडून त्याच्या दोन फाका करा, आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी. जुन्या पटाच्या खेळात फाशांऐवजी असेच चिंचोके टाकत. दोन फाका हातात खुळखुळवून टाकायच्या. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर दोन घरं पुढे, एक पांढरी पडली तर एक घर, एकही नाही तर शून्य, जागेवर थांबायचं. शून्य कळायला मुलांना एरवी उशीर लागतो. इथे ते आपोआप भेटतं, आणि थोडं रागानेही, म्हणून लक्षात राहतं.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मात्र सांभाळा. सोंगटी चारवर आहे आणि दोन पडले, तर "एक, दोन" म्हणत सरकवायची नाही. घरातला आकडा म्हणत सरकवायची: "पाच, सहा." रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर असाच १ ते १० चा सरळ रांगेचा खेळ खेळून पाहिला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकी, इतकंच. आकड्यांच्या पटावर खेळलेली मुलं मोजण्यात, आकडे ओळखण्यात आणि कुठला आकडा मोठा हे सांगण्यात पुढे गेली. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांना तसा फायदा झाला नाही. नऊ आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही शिकलेलं टिकून होतं. सापशिडी मी सध्या तुम्हाला सुचवणार नाही. तिच्यात ओळ वळते, दिशा उलटते आणि आकडे शंभरापर्यंत जातात. पहिलीत गेला की खुशाल आणा. मोबाइलवरच्या मोजणीच्या खेळांबद्दलही माझं मत सांगून ठेवते: बोट लावलं की आवाज येतो, वस्तू हातात येत नाही, सरकवता येत नाही, कुणाला देता येत नाही. या वयात मोजणं हाताने शिकायचं असतं.

तीन भाषांची काळजी सोडा. गोव्यातल्या बहुतेक घरांत असंच चालतं आणि मुलं निभावून नेतात. आजी "पांच, स, सात" म्हणेल, तुम्ही "पाच, सहा, सात" म्हणाल, बाई इंग्रजीत म्हणतील. ज्याने त्याने आपल्या भाषेत मोजावं, फक्त एका मोजणीत भाषा बदलू नये. आकड्यांचे शब्द प्रत्येक भाषेत वेगळे पाठ करावे लागतात, त्यात थोडा वेळ जातोच. पण शेवटचा आकडा म्हणजे एकूण, ही मेख एका भाषेत सापडली की ती दुसरीतही चालते. "चार आण" सांगितल्यावर त्याने कोंकणीत मोजून बरोबर चार आणले तर ते बरोबरच आहे, मराठीत पुन्हा मोजून घेऊ नका. अकरापासून पुढची मराठी नावं मोठ्यांनाही एकेक करून लक्षात ठेवावी लागतात. एकोणतीस, एकोणचाळीस यात तो अडखळला तर हसून सोडून द्या.

पाहुण्यांसमोर उजळणी म्हणायला लावता त्याबद्दल एक विनंती. कौतुक जरूर होऊ द्या, पण दुसऱ्या कामाचं. किती जण आले ते बघून तितके पेले आणून द्यायचं काम त्याला द्या. प्लास्टिकचे द्या, म्हणजे तुमचाही जीव टांगणीला लागणार नाही. एक पेला कमी पडला तर पाहुणेच सांगतील, तो पळत जाऊन आणेल, आणि 'आणखी एक' म्हणजे काय हे त्याला पळता पळता कळेल.

काळजी कधी करायची, तेही सांगते. सहा वर्षं पूर्ण होत आली आणि असं वर्षभर खेळूनही तीन-चार वस्तू मोजून देता येत नसतील, किंवा आजच बोलणं वयाच्या मानाने कमी असेल, साध्या सूचना कळत नसतील, हाक मारल्यावर वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या. साडेचाराव्या वर्षी मूठभर चमचे आणणं एवढ्यावरून कुणी 'याला गणित जमणार नाही' असं म्हणत असेल, तर ते मनावर घेऊ नका.

राहिली वही. वही पाहून मूल रडतं, तेव्हा त्याला आकडे नको असतात असं मी मानत नाही. पेन्सिल धरून शंभर चौकटी भरण्याइतकी त्याची बोटं अजून तयार नसतात. आकडे गिरवायचेच तर परातीत तांदळाचं पीठ पसरा आणि बोटाने गिरवू द्या. शाळेशी भांडू नका, पण गप्पही बसू नका. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळातून, वस्तू हाताळून शिकवण्यावरच भर आहे. हे बाईंना ठाऊक असणारच. वर्गात मुलं जास्त, पालकांचा 'काय लिहून घेतलं' हा धोसरा, अशा अडचणी त्यांच्याही असतात. त्यांची वेळ घेऊन पाच मिनिटं बोला. तोवर वहीसोबत चिठ्ठी द्या, हवी तर हीच उतरवून घ्या:

"बाई, नमस्कार. सध्या आम्ही घरी त्याच्याकडून १ ते ५ एवढेच आकडे लिहून घेत आहोत. प्रत्येक आकड्यासमोर त्याने तितके ठिपके काढले आहेत. तितक्या वस्तू मोजून देता येऊ लागल्या की पुढचे आकडे लिहायला घेऊ. तुम्हाला हे चालेल का, कृपया कळवावे."